धुरा आणि पांदण

मिरचीचा आणि विद्युच्छास्त्राचा संबंध काय, असें आम्हांस कोणी दहा वर्षांपूर्वीं विचारलें असतें, तर आम्हीं त्यास हंसून वाटेस लावलें असतें. आमचें घर भिवापूरचें, आणि आमचा धंदा नागपुरास महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविण्याचा. एकानें आमच्या जिभेस तिखटाची चव लाविली, दुसऱ्यानें पोटास भाकर दिली. या दोहोंची कधीं गांठ पडेल असें आमच्या स्वप्नींहि आलें नव्हतें. परंतु ती पडली, आणि अशा प्रसंगानें पडली कीं, विषयाची हकीकत सांगतांना आमच्या एका चुकीची कबुलीहि वाचकांपुढें देणें आम्हांस भाग आहे.

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय अंगास, उमरेडच्या पुढें, भिवापूर हें तालुक्याचें गांव आहे. आमच्या विद्यार्थिदशेंत आम्ही नागपुराहून नागभीडकडे जाणाऱ्या अरुंदमापी आगगाडीनें घरीं जात असूं. ती इतकी सावकाश चाले कीं, परीक्षेच्या वेळीं न वाचलेलें पुस्तक तींत बसून निम्मेंअधिक वाचून होई. मार्ग रुंदमापी करण्यासाठीं २०१९ सालीं ती गाडी बंद झाली. गांवची कीर्ति मात्र गाडीवर अवलंबून नव्हती. ती मिरचीवर होती, आणि आहे. भिवापुरी मिरचीस तिच्या भडक लाल रंगामुळें नांव मिळालें, आणि अलीकडे भौगोलिक मानांकनहि मिळालें. पौष-माघांत मिरची पिकून लाल झाली म्हणजे ती मोकळ्या आवारांत पसरून वाळवितात व बायाबापड्या तेथेंच बसून तिचे देंठ खुडतात. त्या आवारास आमच्याकडे सातरा म्हणतात. लांबून पाहणाऱ्यास जमिनीवर कोणी तांबडें जाजम अंथरलें आहे असें वाटावें. जवळ जाणाऱ्यास मात्र पहिलें अभिवादन शिंकेनें करावें लागतें.

आमचे धाकटे बंधु ही शेती पाहतात. आम्ही दोघां भावांपैकीं एकास इंग्रजी शाळेंत घालण्याइतकीच वडिलांची ऐपत होती, आणि थोरले म्हणून तो मान आम्हांस मिळाला. या गोष्टीचा उच्चार आमच्या घरांत कोणी करीत नाहीं. परंतु आम्ही कांहीं शास्त्रीय गोष्ट सांगूं लागलों म्हणजे बंधु ज्या श्रद्धेनें ती ऐकतात, त्या श्रद्धेंत या जुन्या वांटणीची आठवण आहे असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. ज्याच्या वांट्याचें शिक्षण आपण घेतलें त्याशीं बोलतांना मनुष्यानें जपून बोलावें. आम्ही तसें बोललों नाहीं.

२०१९ सालच्या दिवाळींत आम्ही घरीं होतों. त्याच वर्षीं चीनमधील रसायनज्ञांनीं सिद्ध केलेल्या ‘वाय-६’ नांवाच्या एका रेणूची वार्ता आमच्या वाचनांत आली होती. त्या रेणूच्या योगानें तयार केलेल्या सौरघटानें पडलेल्या प्रकाशापैकीं १५.७ टक्के ऊर्जेची वीज केली होती. आणि हा घट सिलिकॉनचा नसून कार्बनी संयुगांचा, कागदावर शाई छापावी तसा पातळ थर देऊन करतां येण्यासारखा होता. ज्या विद्येंत १९८६ सालीं एक टक्का हीच मोठी मजल मानली गेली होती, तींत एवढी प्रगति पाहून आम्हांस हर्ष झाला, आणि हर्षाच्या भरांत आम्हीं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

बंधूंच्या मनांत तेव्हां सरकारी योजनेंतून सौरपंपासाठीं अर्ज करावा असें घोळत होतें. त्यांनीं आमचा विचार घेतला. आम्ही म्हणालों, “अरे, ही जड काचेचीं तावदानें आतां कशाला? पांच वर्षें थांब. सेंद्रिय सौरघटांचे पातळ, आरपार दिसणारे पडदे निघतील. मिरचीच्या डोक्यावर ताणून दिले कीं वर वीज आणि खालीं पीक.”

“सेंद्रिय म्हंजे शेणखताचे का जी, दादा?” बंधूंनीं विचारलें.

आम्ही पोट धरून हंसलों. मग प्राध्यापकी गांभीर्यानें समजावून सांगितलें कीं, शेतकऱ्याचा सेंद्रिय हा शब्द निराळा आणि रसायनशास्त्राचा निराळा. आमच्या शास्त्रांत कार्बनाच्या संयुगांचें जें अफाट गोत आहे त्यास सेंद्रिय म्हणतात, आणि त्या गोतांत शेणखत, मिरचीचा रंग, साडीचा रंग व हा नवा घट असे सर्वच येतात. बंधूंनीं मान डोलाविली. अर्ज राहिला तो राहिलाच.

पुढें २०२३ च्या जानेवारींत एके पहांटे पुतण्याचा फोन आला. मोटारीच्या विजेची पाळी रात्रीची होती. बंधु विजेरी घेऊन विहिरीकडे निघाले असतां दंवानें ओल्या झालेल्या धुऱ्यावरून पाय घसरून पडले होते, आणि घोट्याच्या वर हाड मोडलें होतें. दोन वावरांच्या मधला जो उंच बांध, त्यास आमच्याकडे धुरा म्हणतात. लहानपणीं त्या धुऱ्यावरून आम्ही दोघे डोळे मिटून पळत असूं. आम्ही दुसऱ्या गाडीनें निघालों. आणि उमरेड येईपर्यंत एकच हिशेब मनांत करीत होतों. पांच वर्षें थांब म्हणून आम्हीं सांगितलें होतें. त्यांपैकीं चौथें चाललें होतें.

बंधूंस दवाखान्यांतून घरीं आणिल्यावर त्यांनीं हट्टानें आपली बाज सातऱ्याच्या कडेस टाकून घेतली होती. प्लास्टरांतला पाय लांब करून ते देंठ खुडणाऱ्या बायांवर देखरेख करीत होते. आम्हीं बसतांच त्यांनीं चहा सांगितला, आणि थोड्या वेळानें, कसलाहि किंतु मनांत न ठेवितां, विचारलें :

“दादा, तुमच्या त्या पडद्याचं काय झालं?”

या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें तेंच या लेखाचा विषय आहे. तें देतांना आम्हांस प्रथम हें उमगलें कीं, आपण जें भावास चुकीचें सांगितलें, तेंच थोड्याफार फरकानें विद्यार्थ्यांसहि सांगत आलों आहों. ‘प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन सुटतो, वीज वाहते,’ हें आमचें वर्गांतलें ठरीव वाक्य. सिलिकॉनच्या बाबतींत तें चालून जातें. सेंद्रिय पदार्थांच्या बाबतींत मात्र पडणें, सुटणें आणि वाहणें हीं तीन क्रियापदें एका दमांत म्हणतां येत नाहींत. त्यांच्या मध्यें दोन मोठीं अंतरें आहेत, आणि सर्व विद्या त्या अंतरांत आहे.

समोर मिरची पसरलेली होती. तिचाच दाखला आम्हीं घेतला. मिरचीस लाल करणारें मुख्य द्रव्य कॅप्सँथिन हें होय. गाजर आणि टमाटे यांस रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुळांतलेंच तें आहे. या कुळांतील रेणूंत कार्बनाच्या अणूंची एक लांब सांखळी असते, आणि तींत एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी, अशी रचना असते. अशा सांखळींतील कांहीं इलेक्ट्रॉन एकाच बंधाचे चाकर राहत नाहींत. ते सांखळीभर पसरलेले असतात. त्यामुळें त्यांस एक पायरी वर चढविण्यास साध्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश पुरतो. मिरची उन्हांतील निळा-हिरवा भाग गिळून टाकते व तांबडा परत देते. म्हणून ती लाल दिसते. सेंद्रिय घटांत वापरावयाच्या द्रव्यांची मूळ रचनाहि हीच, एकेरी-दुहेरी बंधांची आहे. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनीं १९७७ सालीं अशाच साध्या सांखळीचें एक बहुवारिक आयोडिनाच्या योगानें विजेचें चांगलें वाहक होतें असें दाखवून दिलें, आणि २००० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. सारांश, सातऱ्यावर ऊन पडतें तेव्हां सेंद्रिय घटांतील पहिली क्रिया तेथें प्रत्येक मिरचींत घडतच असते.

“मंग सातऱ्यातून करंट काहून लागत नाही?” बंधूंनीं विचारलें. इतक्या वर्षांच्या अध्यापनांत याहून मार्मिक प्रश्न आम्हांस कोणा विद्यार्थ्यानें विचारल्याचें स्मरत नाहीं.

त्याचें उत्तर असें. प्रकाशाचा कण गिळून इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर गेला म्हणजे खालीं त्याची जागा रिकामी राहते. इलेक्ट्रॉन ऋण, आणि त्याच्या अभावानें झालेली पोकळी धन; अर्थात् त्या दोघांत ओढ असते. सिलिकॉनमध्यें ही ओढ त्या स्फटिकाच्या गुणानेंच पातळ होते. ओढ पातळ करण्याच्या या गुणाचें माप सिलिकॉनचें सुमारें १२ आहे, तर सेंद्रिय द्रव्यांचें अवघें ३-४. त्यामुळें सिलिकॉनमध्यें साध्या हवेच्या उष्णतेच्या हालचालीनेंच जोडी फुटते व दोघे आपापल्या वाटेस लागतात. सेंद्रिय द्रव्यांत जोडी फोडण्यास ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, आणि उष्णतेच्या हालचालींतून मिळणारी ऊर्जा सुमारें ०.०२५ एवढीच असते. म्हणजे बारा ते वीस रुपयांचें देणें आणि खिशांत एक रुपया, असा मामला. इलेक्ट्रॉन उठला खरा, पण सुटला नाहीं. या बांधलेल्या जोडीस शास्त्रज्ञ एक्सिटॉन म्हणतात.

हा एक्सिटॉन मोठा विचित्र प्रवासी आहे. धन आणि ऋण एकाच गांठोड्यांत असल्यामुळें त्यावर विद्युद्दाबाचा हुकूम चालत नाहीं. तो एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर वाट फुटेल तसा भटकतो. त्याचें आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाच्या मानानें मोजावयाचें, आणि तेवढ्यांत त्याची धांव साधारणपणें दहा नॅनोमीटर. मनुष्याच्या केसाच्या जाडीचे आठ हजार भाग केले तर त्यांतील एक. तेवढ्यांत कांहीं घडलें नाहीं तर इलेक्ट्रॉन पुन्हा खालच्या पायरीवर येतो, आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. मिरचीच्या रंगांत तर हें याहूनहि लवकर घडतें. सातऱ्यावरची मिरची दुपारीं हातास चटका देते त्यांत या विरून गेलेल्या ऊर्जेचाहि वांटा आहे. प्रकाश तिला मिळतो, जोडी जन्मते, आणि जागच्या जागीं मरते.

मग ती फुटावी कशी? येथें आम्हीं बंधूंस त्यांच्याच शेताकडे पाहावयास सांगितलें. एका वावराच्या पलीकडे दुसरें वावर, आणि मध्यें धुरा. पहिलें वावर इलेक्ट्रॉन देऊं पाहणाऱ्या द्रव्याचें, दुसरें तो घेऊं पाहणाऱ्या द्रव्याचें. भटकणारा एक्सिटॉन या धुऱ्यावर आला कीं, पलीकडच्या वावरांत इलेक्ट्रॉनास अधिक सखल, म्हणजे अधिक सोयीची जागा दिसते. तो उडी टाकून तिकडे जातो, आणि पोकळी अलीकडे राहते. ईस्टमन कोडॅक कंपनींतील सी. डब्ल्यू. टँग यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेला एक टक्क्याचा घट म्हणजे अशा दोन वावरांचा व एका धुऱ्याचा घट होता. पुढें १९९२ सालीं सारिचिफ्त्ची, हीगर, वुड्ल आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, घेणाऱ्याच्या जागीं फुलरीन, म्हणजे साठ कार्बन-अणूंचा पोकळ चेंडू, ठेविला तर ही उडी कल्पनेपलीकडच्या वेगानें पडते. ती सेकंदाच्या एक लक्ष-कोटि भागांपैकीं एका भागाच्याहि आंत आटोपते, हें पुढील मोजणींत ठरलें. जोडीस मरावयास जेवढा वेळ लागतो त्याच्या हजारों पटींनीं ही उडी लवकर!

परंतु उडी कितीहि चपळ असली तरी धुऱ्यापर्यंत पोहोंचणें आलेंच. धांव दहा नॅनोमीटरांची, आणि पुरता प्रकाश गिळावयास थर पाहिजे शंभरांच्या घरांतला. धुऱ्यालगत जन्मलेल्यांचें साधलें, वावराच्या मधोमध जन्मलेले फुकट गेले. यावर १९९५ सालीं जी युक्ति निघाली ती ऐकून आमचे बंधु हंसले, कारण ती आमच्या भाऊबंदकीसारखीच आहे. दोन्ही द्रव्यें एका द्रावणांत कालवून एकच थर द्यावयाचा; सुकतांना त्यांचे सूक्ष्म तुकडे एकमेकांत गुंततात, आणि जिकडे पाहावें तिकडे धुराच धुरा होतो. कोणतीहि जोडी कोठेंहि जन्मली तरी तिच्यापासून दहा नॅनोमीटरांच्या आंत कोणाचा तरी बांध आहेच. शेताचे असे तुकडे झाले म्हणजे शेतकरी बुडतो. सेंद्रिय घट मात्र याच युक्तीनें वर आला.

येथवर सांगून आम्ही थांबलों. २०१९ सालींहि आम्ही येथेंच थांबलों होतों, आणि आमची चूक ती हीच.

कारण इलेक्ट्रॉन सुटला म्हणजे वीज झाली असें नाहीं. पहिली अडचण धुऱ्यावरच. इलेक्ट्रॉन पलीकडे गेला तरी पोकळी अलीकडे उभीच असते, आणि बांधाच्या दोन बाजूंनीं ते एकमेकांस ओढीत राहतात. कांहीं त्या ओढीनें परत येऊन संपतात. जे निसटले त्यांस थराच्या टोकापर्यंत जावयाचें असतें. इलेक्ट्रॉनास घेणाऱ्या द्रव्यांतून एका बाजूच्या वाहक पत्र्याकडे, पोकळीस देणाऱ्या द्रव्यांतून दुसरीकडे. सिलिकॉनच्या स्फटिकांत अणूंची शिस्तवार रांग असल्यामुळें इलेक्ट्रॉन हमरस्त्यावरून जावा तसा जातो. सेंद्रिय मिश्रणांत रेणु अस्ताव्यस्त पडलेले. तेथें एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारीत, मध्यें एखाद्या खळग्यांत अडकत, उष्णतेच्या धक्क्यानें पुन्हा उठत, असा प्रवास होतो. सिलिकॉनमधल्यापेक्षां अशा मिश्रणांत तो सामान्यतः दहा लाख पटींनीं, कधीं त्याहूनहि, मंद असतो. वाटेंत भलत्याच पोकळीशीं गांठ पडली कीं दोघेहि नाहींसे. आणि ज्या कालवण्यानें धुरे वाढले, त्याच कालवण्यानें वाटाहि तुटतात. एखादा तुकडा चहूंकडून दुसऱ्या द्रव्यानें वेढला गेला तर त्यांत शिरलेला इलेक्ट्रॉन कोंडवाड्यांत सांपडल्यासारखा तेथेंच राहतो. थर जाड करावा तर प्रकाश पुरा गिळला जातो पण प्रवास लांबतो. पातळ करावा तर प्रवास साधतो पण प्रकाश वायां जातो.

बंधूंनीं हें सर्व लक्षपूर्वक ऐकलें, आणि पाय किंचित् सरकवून ते म्हणाले, “म्हंजे, दादा, मिरची तोडली, पन पांदण चिखलानं भरली, तं सातऱ्यावर कशी येईन? धुरे तं लय झाले तुमचे. पांदणीचं काय?”

शेतांतून गांवाकडे येणाऱ्या गाडीवाटेस आमच्याकडे पांदण म्हणतात. ज्याच्या वावरास पांदण नाहीं त्याचें पीक कितीहि चांगलें आलें तरी तें त्याचें नव्हे, हें भिवापूरच्या पोरासहि कळतें. आम्हांस तें शास्त्राच्या बाबतींत, आमच्या विद्येचा वांटा ज्यास मिळाला नाहीं त्या भावाच्या तोंडून कळावें, याची लाज वाटण्याऐवजीं त्या क्षणीं आम्हांस एक प्रकारचा आनंदच झाला, हें सांगितलेंच पाहिजे. या विद्येंत आज जगभर जे खपत आहेत त्यांचे बरेचसे श्रम याच प्रश्नावर चालले आहेत. धुरे पुष्कळ असावे आणि तरीहि प्रत्येक तुकड्यास पांदण असावी, असें मिश्रण सुकवावें कसें? वाय-६ आणि त्याच्या जातीचे रेणु एकमेकांवर अशा रीतीनें रचले जातात कीं, त्यांच्यांत एक्सिटॉनाची धांव लांबते आणि इलेक्ट्रॉनास वाटहि बरी मिळते. त्यांच्या यशाचें एक कारण हें आहे. प्रयोगशाळेंतील अशा घटांची मजल आतां वीस टक्क्यांच्या आसपास गेली आहे.

“पन?” बंधु म्हणाले. आमच्या वाक्यांत ‘पण’ यावयाचा आहे हें त्यांनीं आमच्या तोंडावरून ओळखलें.

तो ‘पण’ आमच्या भावजयीनें पुरा केला. थोरल्या दिराशीं थेट बोलण्याचा आमच्या घरीं प्रघात नाहीं, म्हणून ती देंठ खुडणाऱ्या बायांकडे पाहून म्हणाली, “मिरचीले लय दिस ऊन दाखवलं तं रंग उडते, बाई. मंग बेपारी हात लावत नाही.”

तिला ठाऊक नसतांना तिनें सेंद्रिय घटाचें मुख्य दुखणें सांगितलें होतें. ज्या एकेरी-दुहेरी सांखळीमुळें रंग येतो, तीच ऊन आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संगनमतानें तुटते. मिरचीचा रंग उडतो आणि घटाचा जीव जातो, तो बहुतांशीं एकाच वाटेनें. त्यांत पाण्याची वाफ शिरली, वैशाखांतल्या आमच्याकडच्या उन्हानें थर तापला, म्हणजे कष्टानें कालविलेलीं द्रव्यें हळूहळू विभक्त होऊं लागतात. धुरे कमी होतात, पांदणी बुजतात. काचेंत बंद करून हें लांबवितां येतें. परंतु सिलिकॉनच्या तावदानास पंचवीस वर्षांची हमी सर्रास मिळते, तिच्याशीं बरोबरी करणें अजून या घटांस साधलेलें नाहीं. शिवाय वृत्तांत गाजणारे टक्के बहुधा नखाएवढ्या तुकड्यावर मोजलेले असतात. पडदा मोठा केला कीं ते उतरतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस २०१९ सालींहि ठाऊक होत्या. कोणी लपविल्या नव्हत्या. ज्या लेखांत १५.७ हा आंकडा आम्हीं वाचला, त्याच लेखांत तुकड्याचें मापहि दिलेलें असतें. आम्हीं आंकडा घरीं आणिला आणि माप नागपुरास ठेविलें.

हें सर्व आम्हीं बंधूंस त्याच शब्दांत सांगितलें. “तुझा पाय माझ्या बोलण्यानें मोडला,” असेंहि म्हणालों. त्यावर ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “पाय दंवानं मोडला, दादा. तुमच्या बोलन्यानं चार वर्सं गेली, हे मात्र खरं हाय.” आम्हांस क्षमा करतांनाहि त्यांनीं हिशेब चुकूं दिला नाहीं. आम्हांस तो न्याय वाटला.

याचा अर्थ आम्हीं पडद्याची आशाच सोडली असा मात्र वाचकांनीं करूं नये. सेंद्रिय रेणूंचा एक गुण सिलिकॉनमध्यें नाहीं. कोणता प्रकाश गिळावा आणि कोणता सोडावा हें त्यांची रचना बदलून पुष्कळसें ठरवितां येतें. पिकाच्या पानास मुख्यतः दिसणारा प्रकाश लागतो, आणि वाय-६ सारखे रेणु तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचाहि एक भाग गिळतात. म्हणून पिकाचा घांस पिकास आणि विजेचा विजेस, अशी वांटणी तत्त्वतः शक्य आहे. हरितगृहांवर असे घट लावून पाहण्याचे प्रयोगहि झालेले आहेत. मनुष्याच्या कल्पनेच्या कितीतरी आधीं झाडाच्या पानानें हीच विद्या साधलेली आहे. पानांतील हरितद्रव्य प्रकाश गिळतें, ती ऊर्जा रेणूरेणूंतून हातोहात एका ठराविक जागीं पोहोंचते, तेथें जोडी फुटते, आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनास पुढची वाट आंखून ठेविलेली असते. पानाचा थर उन्हानें बिघडतोहि. परंतु पान आपली डागडुजी रोज स्वतःच करितें. आमच्या घटास ती कला अवगत नाहीं.

२०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना निघाली, तेव्हां अर्ज आम्ही स्वतः पुतण्याजवळ बसून भरला. शेतकऱ्यानें भरावयाचा दहा टक्के हिस्सा आम्हीं देऊं केला. बंधु आमचा पैसा सहसा घेत नाहींत; या वेळीं मात्र “दंड समजून भरा,” म्हणून त्यांनीं तो निमूट घेतला. आतां विहिरीजवळ सिलिकॉनचीं तीं जड तावदानें उभीं आहेत, आणि मिरचीस पाणी दिवसाउजेडीं मिळतें.

वर्गांतहि आम्हीं थोडा बदल केला आहे. या विषयाच्या पहिल्या तासास आम्ही टेबलावर एक भिवापुरी मिरची ठेवितों आणि, हिच्यावर ऊन पडलें असतां वीज कां येत नाहीं, एवढेंच विचारतों. मग फळ्यावर दोन वावरें, एक धुरा आणि एक पांदण काढतों. तासाच्या शेवटीं कोणी तरी विचारतोच कीं, असे पडदे शेतावर केव्हां येतील. धुऱ्याचें काम कोठवर झालें आणि पांदणीचें कोठवर, तेवढें आम्ही सांगतों. साल सांगत नाहीं.

रात्रीं विहिरीवर न्यावयाची बंधूंची विजेरी ओसरीवरच्या खुंटीस टांगलेली असते. गेल्या खेपेस घरीं गेलों तेव्हां आम्हीं ती काढून सहज दाबून पाहिली. ती लागली नाहीं. तिचे सेल केव्हांच संपले होते, आणि नवे घालण्याची घरांत कोणास आठवण झाली नव्हती.